पुठ्ठ्यावरचे डाग

सुपरचार्जर ज्या खोक्यातून आला
तेच फाडून गाडीखाली अंथरलंय.
कत्तलखान्यातली रात्रपाळी संपवून येतो,
बूट न काढता गुडघ्यांवर बसतो
आणि डाग मोजतो.
सोमवारी चार. बुधवारी अकरा,
त्यातला एक हुबेहूब स्ट्युअर्ट बेटासारखा.

इन्व्हरकार्गिलचा वारा थेट बर्फावरून येतो,
वाटेत त्याला अडवायला एक झाड नाही.
पत्र्याचं गॅरेज रात्रभर कण्हतं.
आत एकोणनव्वदची होल्डन,
बापाने घेतलेली, मी फुगवलेली.
पट्टा चढला, पंखे फिरले,
पाय दाबला की खुर्ची पाठीत घुसायची.
पंधरा दिवस गावभर हसत हिंडलो.
सोळाव्या दिवशी
हीटरमधून तेलाचा वास आला.

मग सीलं.
वरच्या कव्हरांची गॅस्केटं. पुढचं सील.
गिअरबॉक्स उतरवून मागचं सील,
सबंध शनिवार-रविवार पाठीवर पडून,
कपाळावर थेंब झेलत.
संपला भोक पाडून जोडलेली परतीची नळी,
तिच्यावरही आळ घेतला,
पुन्हा आटे पाडले, लाल पेस्ट थापली.
तिची माफी मागायची अजून राहिलीय.

एक जागा बुजवली की दुसरी पाझरायची.

शेवटी इंजिन रॉकेलने धुतलं, पुसलं,
आणि पायाला मारायची पावडर
त्याच्यावर फवारली. पांढरंफटक.
ब्लफपर्यंत गेलो, समुद्र पाहिला न पाहिला,
परत येऊन बॉनेट उघडलं:
काळ्या रेघा. एका सांध्यातून नाही,
सगळ्या.

शिडी मागायला नायरी आली होती,
कुंपणापलीकडची.
दूध-पावडरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं
तिने बॉयलर सांभाळला.
बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
"हे श्वास कुठून सोडतं?"
मी नवी सीलं दाखवू लागलो.
"सीलं नाही विचारली, लाकी."

माझ्याच खोक्यातला निळा रबरी हातमोजा,
ज्याने मी रात्रभर मेंढ्यांची आतडी उपसतो,
तो तिने तेल ओतायच्या तोंडावर ताणून बसवला.
"आता रेस दे."

मोजा हलला.
अंगठा उठला, मग करंगळी,
मग पाची बोटं ताठ
आणि पंजा माझ्यासमोर उभा.
थांब.

करंगळीएवढी ती झडप,
इंजिन नुसतं ओढायचं त्या काळातली.
आता तिच्यावर वरून दाब,
हवा उलटी तिच्यातून खाली,
पिस्टनजवळून निसटलेलीही तिथेच कोंडलेली,
आणि तेल बिचारं
सापडेल त्या फटीतून डोकं बाहेर काढत होतं.
दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला:
तीन महिने मी
एकामागून एक पखाली बदलत बसलो होतो.

एक एकमार्गी झडप.
दोन्ही कव्हरांतून अंगठ्याएवढ्या जाड नळ्या,
बॅटरीशेजारी एक ॲल्युमिनियमचा डबा, आत तारेची जाळी.
सगळे मिळून एकशे चाळीस डॉलर.
सीलांचा हिशेब मी कुणाला सांगत नाही.

मोजा पुन्हा लावला, रेस दिली.
तो लुळा पडून राहिला,
पाळी संपल्यावर माझे हात पडतात तसा.
नायरी काही बोलली नाही.
शिडी उचलून गेली.

आता महिन्यातून एकदा डबा उघडतो,
चमचाभर तपकिरी पाणी निघतं, आंबूस वासाचं.
पुठ्ठा तसाच आहे.
सवयीने पहाटे वाकतो, बोट लावून बघतो.
सगळे सुके, सगळे जुने.
स्ट्युअर्ट बेट कडेने फिकट होत चाललंय.

कुंपणावरून नायरी विचारते, "आज किती?"
मी म्हणतो, एक.
एकही नाही म्हटलं
तर ती बघायला कशाला येईल,
आणि किटली तर
मी आधीच चढवून ठेवलेली असते.